वर्ग बिघडतो तो सांध्यात

गणिताचा तास संपत आलाय. सर फळा पुसतायत आणि पुसता पुसताच सांगतायत, "चला, मराठीचं पुस्तक काढा." निम्म्या लेकरांचे हात दप्तरात गेलेत, तिघांची उदाहरणं अजून उतरवून व्हायचीत, मागच्या बसकरपट्टीवर खोडरबरावरून ओढाओढी चाललीय. तेवढ्यात सरांना आठवतं, "अरे हो, कालचा गृहपाठ कुणाकुणाचा राहिलाय? उभे राहा." पाच जण उभे राहतात, उरलेले त्यांच्याकडं बघत बसतात. पुस्तकं दप्तरातच राहतात, गृहपाठही तपासून होत नाही आणि गलका इतका वाढतो की शेवटी डस्टर टेबलावर आपटावं लागतं.

वर्ग असा बिघडतो तो बहुतेक वेळा दोन कामांच्या सांध्यात. परिपाठावरून वर्गात येणं, एका विषयावरून दुसऱ्यावर जाणं, खिचडीला उठणं, जेवून परत बसणं, मैदानावरून आत येणं असे सहा सांधे तरी रोज येतातच. एकेका सांध्यात 3 मिनिटं जादा गेली तर दिवसाला 18 मिनिटं जातात. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि अध्यापनाचे 800 तास ठरवलेत, म्हणजे दिवसाला 4 तास. 18 मिनिटांना 200 नं गुणलं की 3,600 मिनिटं, अर्थात 60 तास होतात. वर्षातली 15 दिवसांची शाळा नुसती उठण्याबसण्यात संपते.

जेकब कूनिन हे डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. शांत चालणाऱ्या वर्गांत आणि सतत विस्कटणाऱ्या वर्गांत शिक्षक नेमकं काय वेगळं करतात, हे शोधायला त्यांनी चालू वर्गांचं चित्रीकरण करून ते बारकाईनं तपासलं. 1970 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही प्रत्येक शिक्षकखोलीत बोलला जावा असा आहे. खोडी झाल्यावर शिक्षक कडक रागावतात की सौम्य, यावरून तो वर्ग शांत राहील की नाही हे ओळखता येत नव्हतं. फरक पडत होता तो खोडीच्या आधीच्या गोष्टींनी: शिक्षकाची नजर वर्गभर फिरते का, दोन गोष्टी एकदम आल्या तर त्या सांभाळता येतात का, आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना धागा तुटतो का. सुरू केलेलं काम अर्ध्यात टाकून भलतंच काढायचं आणि मग पुन्हा मागं यायचं, ही चूक त्यांनी वेगळी नोंदवली. वरच्या प्रसंगातला गृहपाठ तो हाच. शिक्षकाच्या आणखी दोन चुका त्यांना दिसल्या. एक, खोडी सुरू करणारा सुटतो आणि नुसता हसणारा सापडतो. दुसरी, एका पट्टीवरची कुजबुज चार पट्ट्यांवर पसरल्यावर शिक्षक वळतात. या दोन्हींतून लेकरांना एकच कळतं, की सरांना दिसत नाही.

सांधा नीट बसवायला वर्गाची खूण एकच लागते. टाळीची लय सगळ्यात सोयीची: दोन सावकाश, तीन भराभर, आणि लेकरांनी तीच लय परत द्यायची. टाळी द्यायला हात मोकळे करावे लागतात, त्यामुळं पेन्सिल आपोआप खाली जाते. टाळीनंतर पूर्ण शांतता होईपर्यंत शिक्षकानं तोंड उघडायचं नाही. मग जास्तीत जास्त तीन सूचना द्यायच्या: काय आत ठेवायचं, काय बाहेर काढायचं, कुठलं पान. चौथी नको. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी मोठ्या माणसालाही चारेकच पेलतात, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये दाखवलं. सात वर्षांच्या लेकराला त्याहून कमी. सूचना देताना कुणी हललेलं नसावं. सगळं सांगून झालं की "करा" म्हणायचं आणि त्यानंतरच हालचाल. फळ्यावर पहिलं काम आधीच लिहिलेलं असावं, कालच्याच धड्यावरचे दोन सोपे प्रश्न, म्हणजे ज्याचं पुस्तक आधी निघालं त्याचे हात रिकामे राहत नाहीत.

हे जूनमध्ये शाळा भरली की पहिले दहा दिवस रोज तीन-चार वेळा करून घ्यावं, खो-खोतला खो द्यायला शिकवतात तसं. धडा मागं पडेल म्हणून हे दहा दिवस वाचवायला गेलं की पुढं दिवाळीपर्यंत ओरडत बसावं लागतं.

बिघडतं कुठं तेही ठरलेलं आहे. टाळी झाली, निम्मा वर्ग गप्प झाला, घाई आहे म्हणून शिक्षक बोलायला लागले. असं दहा वेळा झालं की टाळीचा अर्थच "निम्म्यांनी गप्प बसा" असा होतो, आणि मग ती खूण जुन्या घंटेसारखी कुणाच्या कानावर पडत नाही. अशी पातळ झालेली खूण दुरुस्त करत बसू नये. दुसरी निवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

आवाज चढवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठवाड्यातल्या शिक्षकांचे घसे याच्यापायी बसतात. फ्रान्सचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवून दिलं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. हे ठरवून होत नाही, कान आणि गळा परस्पर करतात. शिक्षक ओरडले की लेकरांसाठी तोच गोंगाट ठरतो, शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून तीही आवाज चढवतात आणि शिक्षक आणखी चढवतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. खोलीत तो भिंतींवरून परततो, पण परतलेला आवाज उशिरा येऊन पुढच्या शब्दावर बसतो आणि व्यंजनं पुसून टाकतो. मागच्या ओळीला 'पाट' की 'बाट' ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या आत आणि आवाज घुमत राहण्याचा काळ 0.6 सेकंद असावा, असं 1999 मध्ये सुचवलंय. वर पत्रे, खाली फरशी आणि चारी बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती असलेली खोली याच्या जवळपासही जात नाही. उपाय मात्र घरातच आहे. मागच्या भिंतीवर जुनी जाड वाकळ टांगावी, भिंतीला चिकटवून नको, चार बोटं मोकळी जागा सोडून. त्या पोकळीमुळं ती जास्त आवाज शोषते. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की तोंडी शिकवणं थांबवून लेखी काम द्यावं, त्या आवाजाशी कोणाचाच गळा पुरा पडत नाही. बोलायचं ते फळ्याजवळून वर्गभर न बोलता ओळींमधून फिरत, अर्ध्या अंतरावरून बोलावं. नांदेडच्या सीमेवर घरी तेलुगू बोलणारी लेकरं असतात, तांड्यावरून बंजाऱ्यांची गोरबोली घेऊन पहिलीत येणारी असतात. त्यांना हाताची खूण शब्दाच्या आधी कळते.

शांतता जशी सांध्यात हवी तशी प्रश्नानंतरही हवी. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात मोजलं तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एखाद सेकंदच थांबतात असं आढळलं. तोच थांबा 3 सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, "येत नाही" कमी झालं, एरवी गप्प राहणारी मुलं बोलायला लागली आणि शिस्तीसाठी टोकण्याची वेळही कमी आली. तीन सेकंद समोर उभं राहून फार मोठे वाटतात, म्हणून मनात सावकाश तीन आकडे मोजावेत. "समजलं का?" "हो बाऽऽई!" हा समूहस्वर मात्र बंदच करावा, त्यातून काहीही कळत नाही. सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरलं की दहा सेकंदांत पूर्ण वर्ग वाचता येतो. एकट्याला विचारायचं तर हजेरी क्रमांकाच्या काड्या डब्यात ठेवून एक काढावी. प्रश्न आधी विचारायचा, थांबायचं, मग काडी काढायची. काडी आधी निघाली तर बाकीचे विचार करणं सोडून देतात.

टोकावं लागलंच तर हळू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल ओलिअरी आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये पाहिलं की सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं रागावण्यापेक्षा त्या एकालाच ऐकू जाईल असं सांगितल्यावर खोड्या जास्त घटल्या. जवळ जावं, वहीवर बोट ठेवावं, नाव घेऊन हलक्या आवाजात "तिसरं उदाहरण" इतकंच म्हणावं आणि पुढं निघावं. तिथंच उभं राहून वाट बघितली तर लेकराला सगळ्यांसमोर माघार घ्यावी लागते. छडीचा प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केलेली आहे.

द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता असतात आणि एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की सगळ्या. तिथं सांधे एकाच वेळी येऊ द्यायचे नाहीत. ज्या इयत्तेला एकट्यानं काम जमतं तिला पहिल्या पाच मिनिटांत लेखी काम लावून द्यावं, मग दुसरीकडं वळावं. पहिलीच्या लेकरांना चिंचोके द्यावेत, दहा-दहाच्या वाट्या लावायला. दहाएक मिनिटांपलीकडं ती एकटी टिकत नाहीत, म्हणून घड्याळाकडं लक्ष ठेवून परत यावं.

मुख्याध्यापकांचं पहिलं काम तासाला राखण घालणं. चालू तासात फिरणारी नोटीस वही आणि मोबाईलवर आलेली "तातडीची माहिती" या दोन गोष्टी चांगल्या वर्गाचाही धागा तोडतात. सूचना दोनदाच द्याव्यात, परिपाठ संपल्यावर आणि शाळा सुटायच्या आधी. खूण कोणती ते सगळ्या शिक्षकांनी बसून एकच ठरवावी. पाच शिक्षकांच्या पाच खुणा असल्या तर लेकरांना प्रत्येक तासाला नवी शाळा शिकावी लागते. रोज एका वर्गात 10 मिनिटं मागं बसावं आणि एकच गोष्ट मोजावी: खुणेपासून शेवटची पेन्सिल वहीवर टेकेपर्यंत किती सेकंद गेले. तो आकडा त्याच दिवशी शिक्षकाला तोंडी सांगावा, कुठल्याही रजिस्टरला लिहू नये. लिहिलं की ती तपासणी होते आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग फक्त पाहुण्यांसाठी सजतो. सुरुवात स्वतःच्या तासापासून करावी, सहकाऱ्याच्या हातात घड्याळ देऊन.

बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक सांधा असतो, तोही चार-पाच महिन्यांचा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या ट्रकमधून कोयते, म्हणजे मजुरांची जोडपी, ऊसतोडीला निघतात आणि वर्गातल्या काही जागा रिकाम्या होतात. हंगामी वसतिगृहात सगळीच राहतात असं नाही, धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरल्या बहिणीला नेलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा टाळीवर सगळे हात थांबतात आणि तिचे थांबत नाहीत. सगळे वळून बघतात. अभ्यासाच्या आधी तिची अडचण इथं सुरू होते. म्हणून लेकरं परतायला लागली की तीन दिवस सगळ्या वर्गाकडूनच खुणांची उजळणी करून घ्यावी, कुणाचंही नाव न घेता. शेजारी एक भिडू ठरवून द्यावा. पहिला प्रश्न तिला येणारा विचारावा, तिनं उसाच्या मोळ्या मोजलेल्या असतात, वजनाचा अंदाज असतो. आणि डब्यातली तिच्या नंबरची काडी हंगामभर काढून ठेवू नये. जानेवारीत ती हाती आली की वर्ग सांगतो, "बाई, ती कारखान्यावर गेलीय." काडी परत डब्यात टाकावी आणि दुसरी काढावी.