अपील दाखल झालं म्हणजे शिक्षा रद्द झाली?

सोलापुरात जिल्हा न्यायालयाबाहेर चहा घेताना वर्षानुवर्षं ऐकू येतं, ‘बलात्काराच्या केसमध्ये शिक्षा लागली तरी काय, वर अपील टाकलं की माणूस बाहेर!’ हे साफ चूक आहे, आणि फिर्याद द्यायला निघालेल्या मुलीचा धीर अशाच बोलण्याने खचतो.

अपिलाने शिक्षा आपोआप थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. किमान १० वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर जामिनाआधी सरकारी वकिलांना लेखी हरकत घेण्याची संधी द्यावीच लागते. स्थगिती मिळाली तरी दोषी ठरवणारा निकाल कायम राहतो.

ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरच्या सत्र न्यायालयाची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. तिथे साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत; पीडितेची साक्ष, उलटतपासणी, डॉक्टरांचा अहवाल कागदावरून नव्याने तपासला जातो. ‘अंगावर जखम नाही, म्हणजे केस अपिलात पडणार’ हेही खोटं. साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा टिकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुरमित सिंग खटल्यात स्पष्ट केलं. पुरावा खरंच कच्चा असेल तर आरोपी सुटतो, सुटायलाच हवा. आणि सत्र न्यायालयानेच त्याला सोडलं, तर २००९ च्या अखेरीपासून पीडितेलाही अपिलाचा हक्क आहे.