कुष्ठरोग आणि त्वचारोगातील दुर्मीळ केस किंवा अभ्यास: नैतिकता समिती, संमतीपत्र आणि सीटीआरआयची अर्ज प्रक्रिया

एका रुग्णाची दुर्मीळ केस छापायची आहे, आठ-दहा रुग्णांची मालिका मांडायची आहे, रुग्णांना नेहमीचेच उपचार देऊन वर्षभर फक्त नोंदी ठेवायच्या आहेत, की एखादं औषध देऊन परिणाम पाहायचा आहे? अर्ज हातात घेण्याआधी हे ठरवा. भारतात या चारही कामांचे कागद वेगळे आहेत, आणि पुष्कळ अर्ज परत येतात ते काम एका प्रकारचं आणि फॉर्म दुसऱ्या प्रकारचा म्हणून.

दुसरी गोष्ट रोगाची आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं ज्या सहभागींना विशेष संरक्षण द्यायला सांगतात, त्यांत सामाजिक कलंक असलेल्या आणि दुर्मीळ आजारांचे रुग्णही येतात. कुष्ठरोगातली दुर्मीळ केस या दोन्हींत बसते. त्यामुळे ‘फक्त प्रश्नावली आहे, जोखीम काहीच नाही’ असं लिहून सूट मागितली, तरी समिती पूर्ण बैठकीत चर्चा करू शकते. ते योग्यही आहे. या रोगात रक्त काढण्यापेक्षा नाव बाहेर फुटण्याची इजा मोठी असते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांतून निघालं ते थेट २०१९ मध्ये!

एकच केस छापायची असेल तर

एका रुग्णाच्या केस रिपोर्टला सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, अभ्यासांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी लागत नाही. नैतिकता समितीची मंजुरी लागते की नुसतं कळवणं पुरतं, हे तुमच्या संस्थेच्या कार्यपद्धतीत लिहिलेलं असतं. सदस्य-सचिवांकडून ते लेखी घ्या, कारण नियतकालिक तेच पत्र मागतं. रुग्ण दोन-तीनच्या पुढे गेले आणि तुम्ही त्यांच्यातून काही निष्कर्ष काढू लागलात, की ते संशोधन समजून समितीकडे जावं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे प्रकाशनाची लेखी संमती. भरती होताना घेतलेली उपचारांची संमती किंवा बायोप्सीची संमती इथे चालत नाही. प्रकाशनाच्या संमतीत चार गोष्टी स्पष्ट लिहा: मजकूर आणि फोटो इंटरनेटवर कोणालाही दिसू शकतील, नाव दिलं नाही तरी ओळखीचा माणूस ओळखू शकेल, छापून आल्यावर संमती मागे घेता येणार नाही, आणि नकार दिला तरी उपचारांत काही फरक पडणार नाही. रुग्ण हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती घ्या. रिअ‍ॅक्शनच्या (कुष्ठरोगात अचानक उसळणाऱ्या दाहाच्या) तापात कण्हत असलेल्या माणसापुढे हा कागद धरू नका; दुखणं उतरल्यावर विचारा.

फोटोंबाबत एक गैरसमज घट्ट बसला आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली, असं अजूनही मानतात. लेप्रोमॅटस (जिवाणू अंगभर पसरलेल्या प्रकारच्या) रुग्णाचा चेहरा आठवा: जाड झालेल्या कानाच्या पाळ्या, झडलेल्या भुवया, बसलेलं नाक. पट्टीच्या बाहेर नेमकं तेच उरतं, आणि गावातला माणूस त्यावरूनच ओळखतो. चेहरा दाखवणं अटळ नसेल तर फक्त विकार असलेला भाग कापून घ्या. गोंदण, मंगळसूत्र, मागच्या भिंतीवरचा वॉर्डाचा फलक, केसपेपरचा कोपरा हे सगळं तपासा. मोबाइलच्या फोटोत जागा आणि वेळ लपून राहते, ती माहिती पुसूनच फाइल पाठवा.

‘दुर्मीळ’ या शब्दालाही पुरावा लागतो. हिस्टॉइड कुष्ठरोग (गाठींचा दुर्मीळ प्रकार) म्हणायचा तर गाठींच्या फोटोवर भागत नाही. स्लिट स्किन स्मिअरचा (त्वचेला बारीक चीर देऊन घेतलेल्या नमुन्याचा) बॅक्टेरियल इंडेक्स, म्हणजे जिवाणूंचं प्रमाण, आणि बायोप्सीत तर्कूच्या आकाराच्या पेशी दाखवाव्या लागतात. डॅप्सोन हायपरसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम (डॅप्सोन या कुष्ठरोगावरच्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी) म्हणायचा तर औषध कोणत्या तारखेला सुरू झालं, पुरळ आणि ताप कधी आला, यकृताच्या तपासण्या काय होत्या, हे दिवसांनिशी हवं. अशा केसचा संशयित प्रतिकूल परिणामाचा फॉर्म आधी तुमच्या संस्थेच्या औषध-दक्षता केंद्राकडे द्या. केंद्र नसेल तर फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. लेख छापून येईपर्यंत ही नोंद थांबवून ठेवायची नसते.

नैतिकता समितीकडे अर्ज

आधी समितीची नोंदणी पाहा. साध्या जैववैद्यकीय संशोधनासाठी समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे लागते. नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलसाठी सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियामक संस्था). एकीची नोंदणी दुसरीच्या जागी चालत नाही. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर त्या काळातली मंजुरी नंतर अडचणीत येते, म्हणून नोंदणीपत्राची प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवा. ट्रायलच्या ठिकाणी स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली नोंदणीकृत समिती चालते.

मुख्य संशोधकाकडे वैद्यक परिषदेची नोंदणी, विषयाला साजेशी पात्रता आणि गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण हवं. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध असेल तर मार्गदर्शकाची सही आणि विभागप्रमुखांचं पत्र लागतंच.

अर्जासोबत प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), सहभागी माहितीपत्रक आणि संमतीपत्र (इंग्रजी व मराठी, शिवाय मराठीवरून पुन्हा इंग्रजीत केलेला अनुवाद), केस रेकॉर्ड फॉर्म, संशोधकांचे परिचयपत्र व प्रशिक्षणाचे दाखले, खर्चाचा तपशील, हितसंबंधांचं निवेदन आणि ट्रायल असेल तर विमा व औषधाची माहिती हे जोडा. प्रत्येक कागदाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. हे किरकोळ वाटतं, पण मंजुरीपत्रात ‘माहितीपत्रक, मराठी, आवृत्ती १.१’ असं लिहून येतं आणि ओपीडीत वाटली जाते आवृत्ती १.०. तपासणीत ही संमती अवैध ठरू शकते.

परदेशी निधी, परदेशी सहसंशोधक किंवा बायोप्सीचे नमुने बाहेर पाठवणं यांपैकी काही असेल तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीची परवानगी वेगळी लागते. ती हाती येईपर्यंत सुरुवात करता येत नाही, म्हणून वेळापत्रकात तिला जागा ठेवा.

समिती वैद्यकीय बाजूने काय विचारते? कुष्ठरोगात हमखास येणारा प्रश्न पाठपुराव्याचा असतो. मायकोबॅक्टेरियम लेप्री अतिशय संथ वाढतो, दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे घेतो, आणि रोग उलटण्याची चिन्हं उपचार थांबल्यावर कित्येक वर्षांनी दिसू शकतात. बारा महिने पाठपुरावा करून ‘रोग उलटण्याचं प्रमाण’ मोजू असं लिहिलंत तर प्रोटोकॉल तिथेच अडतो. त्याऐवजी एका वर्षात खरोखर मोजता येईल ते लिहा: मोनोफिलामेंटने (त्वचेवर टेकवायच्या नायलॉनच्या धाग्याने) तपासलेली संवेदना, स्नायूंची ताकद, रिअ‍ॅक्शन पुन्हा येणं, प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची एकूण मात्रा. रुग्ण निवडीच्या निकषांतही मोघमपणा नको. ‘मल्टिबॅसिलरी’ (जास्त जिवाणूंचा प्रकार) म्हणजे सहा किंवा अधिक चट्टे की स्मिअर पॉझिटिव्ह, की दोन्हींपैकी एक, हे लिहा. थॅलिडोमाइड (गर्भात व्यंग निर्माण करू शकणारं औषध) असेल तर गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांबाबत काय करणार, याला स्वतंत्र परिच्छेद द्या.

माहितीपत्रक आणि संमती

ट्रायलला मंजुरी देणाऱ्या बैठकीत किमान पाच सदस्य हवेत, आणि त्यांत एक सामान्य नागरिक असतो. मराठी माहितीपत्रक सर्वांत बारकाईने तोच वाचतो. ‘आपणास बहुजिवाणू कुष्ठरोगातील द्वितीय प्रकारची प्रतिक्रिया उद्भवली आहे’ हे वाक्य व्याकरणात बरोबर असलं तरी रुग्णाच्या काही कामाचं नाही. ‘तुमच्या अंगावर लाल, दुखऱ्या गाठी आल्या आहेत आणि ताप येतो. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावरही असं होऊ शकतं. याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा नाही.’ असं लिहा. ‘महारोग’, ‘महारोगी’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. पत्रकाच्या मथळ्यात ठळक अक्षरांत रोगाचं नाव नको. हा कागद घरी जातो आणि घरातले सगळे तो पाहतात.

सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत सहभागीला द्यावीच लागते. घरी न्यायची भीती वाटत असेल तर बंद पाकिटात द्या, किंवा ती केंद्रात ठेवण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच मंजूर करून घ्या. ट्रायलच्या संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव व नातं यांचे रकाने असतात. मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला, हे त्यावरून ठरतं. रिकामे सोडू नका.

वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा, आणि तो संशोधन गटातला नको. कुष्ठरोगात एक अडचण नेहमी येते: बोटं झिजलेली असतात, अंगठ्याचा ठसा उमटत नाही. तेव्हा कोणती खूण घ्यायची आणि साक्षीदाराने काय नोंद लिहायची, हे समितीकडून आधीच ठरवून घ्या. ऐनवेळी केलेली तडजोड कागदावर संशयास्पद दिसते.

मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यायचा.

नव्या रासायनिक द्रव्याच्या ट्रायलमध्ये असुरक्षित सहभागींच्या संमतीचं दृकश्राव्य चित्रण बंधनकारक आहे. पण २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये एचआयव्ही आणि कुष्ठरोगविरोधी औषधांसाठी अपवाद आहे: फक्त आवाज ध्वनिमुद्रित करायचा. इथे कॅमेरा लावणं ही चूक आहे. हा अपवाद माहीत नसल्याने नमुना प्रोटोकॉलमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं जातं. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये ते आहे का, आजच पाहा.

घरभेटींची पद्धतही लिहून मंजूर करून घ्या. रोगाचं नाव रंगवलेली जीप दारात उभी राहिली की संमतीपत्रातली गोपनीयता तिथेच संपते. फोन कोणत्या वेळी करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, हेही त्यात यावं. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या. रक्कम समितीने मान्य केलेली असावी.

औषध द्यायचं असेल तर

नव्या औषधाच्या ट्रायलसाठी केंद्रीय परवाना प्राधिकरणाकडे (सीडीएससीओमधलं, परवानगी देणारं) फॉर्म सीटी-०४ मध्ये अर्ज करायचा आणि परवानगी सीटी-०६ मध्ये मिळते. बाजारात असलेलं मान्यताप्राप्त औषध नव्या कारणासाठी वापरून पाहायचं असेल, जसं इरिथीमा नोडोसम लेप्रोसममध्ये (वर सांगितलेली लाल, दुखऱ्या गाठींची द्वितीय प्रकारची प्रतिक्रिया) मेथोट्रेक्सेट, आणि त्या माहितीवर विक्रीची परवानगी मागायची नसेल, तर ती शैक्षणिक ट्रायल ठरते. तिला समितीची मंजुरी पुरते. समितीला शंका असेल तर ती प्राधिकरणाला कळवते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर वेगळ्या परवानगीची गरज नाही असं धरलं जातं.

सीटीआरआय नोंदणी मोफत आहे. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधी केलेली नोंदणीच स्वीकारली जाते, मागाहून नाही. मंजुरीपत्र अपलोड करून अर्ज पाठवला की शंका येतात. त्यांची उत्तरं दिल्यावरच क्रमांक मिळतो. प्रमुख निष्पत्ती कोणत्या आठवड्यात मोजणार हे लिहिलेलं नसणं, हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. ‘अर्ज पाठवला’ म्हणजे ‘नोंदणी झाली’ असं समजून रुग्ण घ्यायला लागू नका.

गंभीर प्रतिकूल घटना घडली तर संशोधकाने २४ तासांत प्राधिकरण, प्रायोजक आणि समितीला कळवायचं. सविस्तर अहवालाची मुदत १४ दिवसांची. रिअ‍ॅक्शनमुळे रुग्ण भरती झाला तर तीही गंभीर घटनाच. ‘रोगाचाच भाग आहे’ म्हणून ती गाळू नका.

कागदपत्रं अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं आणि नियामक ट्रायलची ५ वर्षं जपायची असतात. नावं आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी मात्र बाकीच्या फाइलींसोबत ठेवू नका: वेगळं कपाट, किल्ली एकाच माणसाकडे, आणि मुदत संपल्यावर ती कोण, कशी नष्ट करणार हे प्रोटोकॉलमध्ये नोंदवलेलं.