संमोहनाने दुखणं थांबलं, म्हणजे ते खोटं होतं का?

पाय कापलेला असतो, तरी त्याच पायाची बोटं ठणकतात. संमोहनाने आराम पडला की घरचे म्हणतात, "बघा, मनाचेच खेळ!" साफ चूक. तुटलेल्या नसांची टोकं आणि मेंदूतला त्या अवयवाचा नकाशा, दोन्ही जागेच असतात. फ्रेंच शल्यविशारद आंब्रोज पारे यांनी सोळाव्या शतकातच या वेदना नोंदवल्या होत्या. माँट्रियलमधला १९९७चा प्रयोग तर बोलका आहे (तिथे सगळे धडधाकट होते): हात चटके बसतील इतक्या गरम पाण्यात, कानावर संमोहनातल्या सूचना. त्रास कमीजास्त वाटला, तसं मेंदूतल्या सिंग्युलेट भागाचं (वेदनेचा त्रास जाणवण्यात याचा वाटा असतो) कामही बदललं. म्हणजे संमोहन खऱ्या वेदनेवरच चालतं. मात्र कापलेल्या अवयवाच्या दुखण्यावरचे अभ्यास छोटेच आहेत. तेव्हा डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.