‘चालकाशी बोलू नये’ : वाहन चालवताना विचलित होणाऱ्या लक्षाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे किंवा राधानगरीकडे जाणाऱ्या एस. टी. गाड्यांत चालकाच्या पाठीमागे रंगवलेली एक सूचना आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत : गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. राज्यातील एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि मोबाइल फोन भारतात आला तो १९९५ मध्ये. म्हणजे खिशातला फोन येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या प्रवासी वाहतुकीने एक गोष्ट ओळखली होती, की चालकाचे हात चाकावर आणि डोळे रस्त्यावर असले तरी त्याचे मन संभाषणात गुंतू शकते. पुढच्या काळात हे साधे शहाणपण मागे पडत गेले आणि ‘गाडी चालवताना लक्ष विचलित होणे’ या प्रश्नाचा अर्थ ‘हातात फोन धरणे’ एवढाच उरला. आजचे बरेचसे गैरसमज तिथूनच आले आहेत.

गाडीत लक्ष वेधणारी यंत्रे बसवण्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटारीत रेडिओ बसू लागले, तेव्हाच त्यांच्या धोक्यावर तिथे वाद झडले. मोटारीतून दूरध्वनी करण्याची व्यावसायिक सेवा १७ जून १९४६ रोजी सेंट लुइस शहरात सुरू झाली. त्या यंत्रसामग्रीचे वजन सुमारे ३६ किलो होते, त्यामुळे ती मोजक्यांनाच वापरता आली.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून पहिले संभाषण केले. त्या काळात आलेल्या फोनलाही पैसे पडत, म्हणून लोक मोजकेच बोलत. १ मे २००३ पासून येणारे फोन मोफत झाले आणि पाहता पाहता फोन भाजीविक्रेत्यापासून ट्रकचालकापर्यंत सर्वांच्या खिशात पोहोचला. याच वर्षांत सुवर्ण चतुष्कोन योजनेत पुणे-बंगळूर महामार्गाचे चौपदरीकरण होत होते. शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात गाड्यांचा वेग वाढला, आणि त्याच वेळी चालकाला कधीही हाक मारू शकणारे यंत्र त्याच्या हाती आले. कोल्हापूरच्या दृष्टीने हा योगायोग फार महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. शहरात तर दुचाकीस्वार मान वाकडी करून, फोन कान आणि खांदा यांमध्ये धरून चौक ओलांडतो, हे दृश्य इतके रोजचे झाले की त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

धोका नेमका किती आहे, याचे पहिले भक्कम मोजमाप कॅनडात झाले. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी टोरंटोमधील अपघात झालेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोनवर बोलत असताना अपघात होण्याची शक्यता सुमारे चौपट होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फोन हातात न धरता बोलणारे चालक अधिक सुरक्षित असल्याचे त्यांना आढळले नाही. पुढे युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील कृत्रिम वाहनावर चालकांना बसवून याचे कारण शोधले. संभाषणात गुंतलेल्या चालकाची नजर समोरच्या वस्तूवर पडते, पण ती वस्तू त्याच्या ध्यानात येत नाही. डोळ्यांनी पाहिलेले मनापर्यंत पोहोचतच नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणेही अगदी निर्धोक नसते, मात्र त्याला समोरचा रस्ता दिसत असतो आणि अवघड वळण आले की तो आपोआप गप्प होतो. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला हे कळण्याचा मार्गच नसतो.

संदेश टाइप करण्याची गोष्ट याहूनही गंभीर आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेने प्रत्यक्ष धावणाऱ्या अवजड वाहनांत कॅमेरे बसवून केलेल्या निरीक्षणांचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. संदेश लिहिणाऱ्या चालकांबाबत अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका सुमारे २३ पट आढळला, आणि अशा प्रसंगी सहा सेकंदांपैकी साडेचारहून अधिक सेकंद त्यांचे डोळे रस्त्यावरून हटलेले होते.

कायदा मात्र हाताच्याच मागे राहिला. ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून हातात फोन धरून गाडी चालवण्यावर बंदी घातली, परंतु हात मोकळे ठेवून बोलण्याला सरसकट मनाई केली नाही. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा, म्हणजे देशात मोबाइल येण्यापूर्वीचा. त्यातील धोकादायक वाहनचालनाच्या कलम १८४ मध्ये फोनचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने फोनवर बोलत वाहन चालवणाऱ्यांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्यास राज्यांना सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरण्याच्या संपर्कसाधनाचा वापर कलम १८४ मध्ये स्पष्टपणे आणला आणि पहिल्या गुन्ह्यासाठी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. ऑक्टोबर २०२० पासून केवळ मार्ग पाहण्यासाठी, एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने, फोन वापरण्याची मुभा नियमांत आली. एकाग्रता भंगली की नाही, हे चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने कसे ठरवायचे? ब्लूटूथवर रंगलेले भांडण त्याला दिसत नाही. अपघातानंतरही ‘मी फोनवर होतो’ असे सहसा कोणी सांगत नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सरकारी वर्गीकरणात त्यांपैकी बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत, मोबाइलचा वाटा अगदी लहान दिसतो. तो खरोखर तेवढाच आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.

एकाच वेळी अनेक कामे सांभाळणाऱ्याला आपण कौतुकाने अष्टावधानी म्हणतो. आठ ठिकाणी अवधान ठेवण्याची ती कला सभेत बसून दाखवायची होती, ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाताना नव्हे. हे कौतुक आपण चालकाच्या आसनापर्यंत नेले, याचे मला फार वाईट वाटते.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाची एक वेगळी बाजू दरवर्षी उसाच्या हंगामात समोर येते. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात आणि त्यांतील कित्येकांवर मोठ्या आवाजात गाणी लागलेली असतात. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गाणी लावतो, असे चालक सांगतात, आणि त्यांच्या कष्टांकडे पाहता ते खोटे वाटत नाही. पण त्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न त्यांच्या कानी पडत नाही. मागून मोटार ताशी ८० च्या वेगाने येत असेल आणि ट्रॅक्टर २० ने चालत असेल, तर दोहोंतील अंतर दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने कमी होते. मोटारचालकाने पाच सेकंद फोनवरचा संदेश वाचला, तर तेवढ्यात ८० मीटरहून अधिक अंतर तुटलेले असते. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर असला तरी तो पाहणारे डोळे त्या वेळी पडद्यावर असतात. नसला, तर मान वर केल्यावर थेट उसाच्या मोळ्याच दिसतात.