किल्लीचं लॉक बदललं की ईसीएमही बदलावा लागतो?

गॅरेजच्या बाकड्यावर हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: चिपवाली किल्ली असेल तर इग्निशनच्या लॉकला हात लावू नका, गाडी कायमची बंद पडेल, नवा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, घ्यावा लागेल. हे खरं नाही.

चिप असते किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात. तिचा कोड वाचणारी अँटेनाची रिंग लॉकच्या तोंडाभोवती बाहेरून बसवलेली असते. आतला पितळी किंवा जस्ताचा बॅरल, म्हणजे किल्ली जाते ती नळी, निव्वळ यांत्रिक. त्यातल्या पातळ पत्र्या किल्लीच्या दात्यांनी एका पातळीत आल्या की तो फिरतो. तेव्हा नवा बॅरल बसवला तरी गाडी जुनीच चिप ओळखते. नव्या किल्लीची चिप मात्र प्रोग्रॅम करून घ्यावी लागते, नाहीतर इंजिन धरत नाही. चावीवाला जुन्या किल्लीबरहुकूम पत्र्या लावून देत असेल तर तीही कटकट नाही.

जुन्या कोरोलासारख्या गाडीत काम सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, एअरबॅग असेल तर थोडं थांबायचं, स्टेअरिंगखालचं कव्हर उतरवायचं, किल्ली एसीसीवर (रेडिओ वगैरे चालू होणाऱ्या पहिल्या खुणेवर) आणून लॉकवरच्या भोकातली पिन दाबायची. बॅरल हातात येतो. किल्ली एसीसीपर्यंतही फिरत नसेल, तर पिन दबत नाही. मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथे मी तरी चावीवाल्यालाच बोलावेन. काही गाड्यांत तर अख्खं लॉक डोकं तुटलेल्या बोल्टांनी जखडलेलं असतं. ते मुद्दामच, चोराला सहज काढता येऊ नये म्हणून.