घरगुती धुराडे : देखभाल व दुरुस्ती

घरातील फायरप्लेस किंवा लाकडाच्या स्टोव्हचा धूर छपराबाहेर नेणारा उभा मार्ग म्हणजे धुराडे. ही नोंद मुख्यतः इंग्लंडमधील विटांच्या धुराड्यांविषयी आहे. स्वयंपाकघरातील विजेची चिमणी येथे अभिप्रेत नाही.

धुराड्याचा उगम वादग्रस्त आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅल मठाच्या इ.स. ८२० च्या सुमाराच्या आराखड्यात काहींना धुराडी दिसतात, पण ते रेखाटन अनेक अर्थांनी वाचता येते. यॉर्कशरमधील कॉनिसबरो किल्ल्याच्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मनोऱ्यात मात्र भिंतीतून वर जाणारे धूरमार्ग आजही पाहता येतात. पहिला लेखी पुरावा म्हणून १३४७ च्या व्हेनिस भूकंपाचा दाखला देण्याची प्रथा आहे. तो जपून घ्यावा. त्या भूकंपाच्या शिलालेखात २५ जानेवारी १३४७ ही तारीख असून घंटाघरांचे शेंडे, घरे व धुराडी कोसळल्याचे कोरले आहे. व्हेनिसचे वर्ष १ मार्चला सुरू होई, म्हणून आजच्या गणनेने ते वर्ष १३४८ ठरते आणि ईशान्य इटलीतील फ्रिउलीच्या भूकंपाशी जुळते. शिवाय नोंद घेण्याइतकी धुराडी जिथे पडली तिथे ती नवी असणे संभवत नाही. तेव्हा हा पुरावा उगमाचा नसून प्रसाराचा मानणे अधिक सयुक्तिक होय. इंग्लंडच्या खेड्यांत धुराडी फार वाढल्याचे वृद्ध लोक सांगतात, असे विल्यम हॅरिसन हा इंग्लिश पाद्री १५७७ मध्ये लिहितो. १६६२ ते १६८९ या काळात तेथे दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता.

साफसफाईचा इतिहास क्लेशकारक आहे. अरुंद धूरमार्गांत लहान मुलांना चढवले जाई. त्यांना होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्ये केले. दांड्याच्या यांत्रिक ब्रशाची सोय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच झाली होती, तरी १८४० चा बंदी कायदा निष्प्रभ ठरला आणि प्रथा मोडली ती सफाईवाल्यांना परवाना सक्तीचा करणाऱ्या १८७५ च्या कायद्याने.

ओले लाकूड मंद जाळल्यास धुरातील वाफा थंड नळीत सांद्र होऊन क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखा ज्वलनशील थर, साचते. ते आधी भुसभुशीत, मग पापुद्र्यांचे आणि शेवटी काचेसारखे चकचकीत होते. या अखेरच्या थरावर साधा ब्रश चालत नाही. थर पेटल्यास तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. म्हणून लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा आणि वर्षातून एकदा तपासणी व्हावी.

जुन्या धुराड्यांना आतून चुना व शेण यांचा गिलावा असे. शेणाचे सारवण पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. हा गिलावा झडला की धूर सांध्यांतून शेजारच्या खोलीत शिरतो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. अशा वेळी आत स्टेनलेस स्टीलची नळी सोडतात.

छपरावरील भाग एका बाजूला कलण्याचे कारण वाऱ्याचा दाब, अशी जुनी समजूत आहे. रासायनिक कारण अधिक ग्राह्य वाटते. काजळीतील सल्फेटे ओलाव्याबरोबर सांध्यांत उतरतात व सिमेंट किंवा जलीय (पाण्याखालीही घट्ट होणाऱ्या) चुन्यातील ॲल्युमिनेट या संयुगांशी संयोग पावून एट्रिंगाइट हे खनिज बनवतात. ते फुगते. उशिरा वाळणारी बाजू अधिक फुगल्याने धुराडे विरुद्ध बाजूस झुकते. कल वाढला असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधणे हाच उपाय.

नुसते सांधे झिजले असतील तर ते रुंदीच्या सुमारे दुप्पट खोल खरवडून, पाणी मारून चुन्याने भरतात व ओले गोणपाट टाकून सावकाश वाळू देतात. मऊ जुन्या विटांत कडक सिमेंट भरू नये. पाणी मग सांध्याऐवजी विटेतून बाहेर पडते आणि गोठून विटेचा दर्शनी भाग उडवते. छपराशी मिळणाऱ्या जागी शिशाचा पत्रा सांध्यात खोवलेला असतो. गळती बहुधा तिथलीच.

वापरात नसलेले धुराडे पूर्ण बुजवू नये. वर पाऊस अडवणारी टोपी व खाली हवेची जाळी हवी, नाहीतर काजळीतील क्षार ओल धरून भिंतीवर तपकिरी डाग उमटवतात. हे डाग रंगाने झाकले जात नाहीत. तेवढा गिलावा काढून नवा करावा लागतो.