घोरणं म्हणजे गाढ झोप? गरोदरपणात तरी नाही

सातव्या महिन्यात सून घोरायला लागली की घरात कौतुकच होतं. "दमते बिचारी, गाढ झोप लागते. झोपू द्या." हा समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, पण तो चुकीचा आहे. घोरण्याचा आवाज गाढ झोपेचा नसतो, अरुंद झालेल्या श्वासमार्गाचा असतो.

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, अंगातलं रक्तही ४०-५० टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे नाकाचं अस्तर सुजतं आणि सर्दी नसतानाही नाक चोंदतं. त्यात वाढलेलं वजन. अधूनमधून घोरलं तर घाबरू नका. बाळंतपणानंतर बहुतेकींचं ते कमी होतं.

पण आधी कधीच न घोरणारी बाई रोज घोरू लागली, तर डॉक्टरांना सांगाच. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या २०१२च्या अभ्यासात सुमारे १,७०० गरोदर बायका होत्या. गरोदरपणातच घोरणं सुरू झालेल्यांमध्ये रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं. श्वास मध्येच थांबतो, दचकून जाग येते, सकाळी डोकं दुखतं, असं असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. (श्वास थांबतो हे नवऱ्यानेच सांगावं लागतं, घोरणारीला पत्ता नसतो.)

घरी काय करायचं? कुशीवर झोपायचं, डावी कूस उत्तम. पाठीला लोड, डोक्याखाली जास्तीची उशी. निजताना नाकात मेडिकलमध्ये मिळणारे सलाईनचे, म्हणजे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब. चोंदलेलं नाक मोकळं करणारे औषधी थेंब किंवा झोपेची गोळी मात्र मनाने घ्यायची नाही.